महिना ५,५०० रुपयांत दोघांचं जेवण : कुठे चुकतंय?

उदगीरची_पोर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. मी पुण्यात हडपसरला राहते. माझा १७ वर्षांचा भाऊ जूनपासून माझ्याकडे आलाय, आयटीआय करतोय. आई गावाकडे, उदगीरजवळ. पगार हातात १९,००० येतो. खोलीभाडं ७,०००, आईला २,५००, भावाची फी, दोघांचे बसपास, लाईट, फोन, गॅस असं सगळं जाऊन खाण्यापिण्याला ५,५०० राहतात. त्यात बसवायचंच आहे. पण दर महिन्याला २२-२३ तारखेला पैसे संपतात आणि शेवटचा आठवडा आम्ही चहा-बिस्कीट, नूडल्स आणि फोडणीच्या भातावर काढतो.

मागच्या महिन्यात कंपनीत तपासणी झाली, माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं. भाऊ वाढीच्या वयातला. रात्री अकराला अभ्यासावरून उठतो, डबे उघडून बघतो आणि काही न बोलता पाणी पिऊन झोपतो. मला ते बघवत नाही.

ऑक्टोबरचा हिशेब वहीतून उतरवते. किराणा, मॉलमधून एकदाच : २,६४०. दूध रोज अर्धा लिटर : ९००. भाजी, कोपऱ्यावरच्या गाडीवरून रोजची रोज : १,४००. बाहेरचं, म्हणजे वडापाव, त्याचं कॅन्टीन, एकदा बिर्याणी : १,१५०. बिस्किटं, नूडल्स, फरसाण, सॉस : ६९०. एकूण ६,७८०. वरचे १,२८० मैत्रिणीकडून घेतले, ते अजून फेडायचेत.

स्वयंपाक येतो. अंडी, मासे, मटण सगळं चालतं. घरी यायला साडेसात होतात. कुणी हिशेब बघून सांगेल का?

---

नातवंडांची_आजी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पोरी, हिशेब लिहून ठेवतेस म्हणजे अर्धं काम तूच केलंयस. एकच विचारते. त्या २,६४० मध्ये डाळ किती होती?

---

उदगीरची_पोर | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२२

तूरडाळ दीड किलो. मूग अर्धा किलो, तो अजून तसाच आहे.

---

नातवंडांची_आजी | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

रात्रीच लिहिणार होते, पण डोळे मिटायला लागले.

दीड किलो डाळ दोघांना महिनाभर म्हणजे माणशी दिवसाला २५ ग्रॅम. पोर रात्री डबे उघडणारच. पोटात भात आणि बटाटा जातोय, तो दोन तासांत जिरतो.

आमचे हे लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा पदरात दोन मुलं आणि सासूबाई. पगार बंद. मी शिवणकाम आणि खाकरे-पापड लाटून जे आणायची त्यात पाच माणसं जेवायची. सासूबाईंनी तेव्हा एक रीत घालून दिली, ती मी आजही मोडत नाही. पैसे हातात आले की आधी धान्य. मग डाळी-कडधान्यं. मग तेल आणि शेंगदाणे. एवढं घरात येऊन डब्यात पडलं की उरलेल्या पैशांकडे बघायचं. भाजी त्यातून. बिस्कीट-फरसाण सगळ्यात शेवटी, राहिले तर. तुझ्याकडे हे उलट झालंय. बाहेरचं आणि पाकिटातलं मिळून १,८४० रुपये गेले आणि डाळीवर जेमतेम अडीचशे.

दोघांना महिन्याला सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून साडेसहा-सात किलो लागली पाहिजेत. घाबरू नकोस, आठशेच्या आत बसतात. तूरडाळ दीड किलोच ठेव, ती महाग. बाकी मसूर, मूग, मटकी, हरभरे, चवळी, हरभराडाळ, हुलगे. हरभराडाळ गिरणीतून दळून आण, ते बेसन पाकिटापेक्षा स्वस्तही पडतं आणि पिठल्याला चवही वेगळी येते.

आणि पिठल्याला कमी समजू नकोस. घट्ट पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी हे पोटभरीचं, ताकदीचं जेवण आहे. वीस मिनिटांत होतं.

---

भुसारवाला | ४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

ताई, माझं किराणा-भुसार दुकान आहे, २६ वर्षं झाली. गिऱ्हाइकाला काउंटरवर जे सांगतो तेच इथे सांगतो.

डाळ सुटी घ्या. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील लेबलच्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या मालावर नाही. शिवाय पाकीट, ब्रँड, जाहिरात सगळं त्याच किमतीत असतं. मूठभर डाळ तळहातावर घेऊन बघा. दाणा कोरडा, पोरकीड नाही, पीठ सुटत नाही, वास कुबट नाही, म्हणजे माल चांगला. तूरडाळीत चकचकीत फटका डाळ सगळ्यात महाग असते. त्याच्या खालच्या नंबरची घ्या, वरणात घोटल्यावर कुणाला फरक कळत नाही. तांदळाचंही तसंच. इंद्रायणीचा अख्खा तांदूळ आणि त्याचीच कणी, भावात बराच फरक. कणीची खिचडी तर अख्ख्या तांदळाहून मऊ होते.

तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचा. पिशव्या दिसायला सारख्या, पण प्रत्येक पिशवी एक लिटरची नसते. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापलेली असते. दोन पिशव्यांची तुलना करायची तर ती बघा, "२० टक्के जादा" वगैरे वाचूच नका.

मॉलमध्ये काही वस्तू खरंच स्वस्त मिळतात. साखर, साबण, कधी कधी तेल. त्या तिथून जरूर घ्या. पण यादी घेऊन जा आणि भावाला भूक लागलेली असताना बरोबर नेऊ नका.

आणखी एक. महिन्याचा किराणा एकाच दुकानातून घेत जा. ओळख झाली की दुकानदार स्वतःहून सांगतो, "ताई, मसूर आत्ता नको, आठ दिवसांनी नवा माल येतोय." हे मोबाईलवर कुणी सांगणार नाही.

---

चौथा_मजला | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

दूध पूर्ण बंद करा, ९०० वाचतील. अंडीही नकोत. आमच्याकडे वर्षभर दूध नव्हतं, काही अडलं नाही. १,२८० ची उधारी आहे, आधी ती फेडा. पोटाला दोन महिने कळ काढता येते.

---

आहारमित्र | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४८

चौथा_मजला, तुमचा अनुभव तुमच्या जागी खरा असेल. पण १७ वर्षांचा मुलगा आणि ९.४ हिमोग्लोबिनची मुलगी यांना मी कळ काढायला सांगणार नाही. मी तालुक्याच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. अशी घरं रोज समोर येतात, आणि काटकसरीची कात्री सगळ्यात आधी चालते ती नेमकी डाळ, अंडी आणि दुधावर.

आम्ही आयांना शिकवतो तो हिशेब इथे मांडतो. १० रुपयांत किती ग्रॅम प्रथिनं मिळतात, एवढंच बघायचं. भाव माझ्या गावच्या दुकानातले, पुण्यात थोडे इकडेतिकडे असतील.

सोयावडी सुटी १२० रुपये किलो : १० रुपयांत ४० ग्रॅमच्या वर. हरभरे ८० रुपये किलो : सुमारे २५ ग्रॅम. शेंगदाणे १४० ने : १८ च्या आसपास. तूरडाळ १३० ने : १७. अंडं ७ रुपयांचं, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे १० रुपयांत साडेआठ. दूध : साडेपाच. पनीर : पाच. १० रुपयांचा बिस्किटाचा पुडा : तीन-चार ग्रॅम आणि बाकी मैदा, साखर, तेल.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम धरा. आजींनी सांगितलेली सात किलो डाळी-कडधान्यं आणली तर माणशी रोज ११५ ग्रॅम येतात, त्यातून २५ ग्रॅम तिथेच मिळतात. उरलेली भाकरी-पोळी, शेंगदाणे, एक अंडं आणि पावशेर दूध यांतून सहज भरून निघतात. म्हणून दूध अर्धा लिटर आहे तेवढंच राहू द्या. चहात कमी घाला, रात्री दही लावा.

आता हिमोग्लोबिनचं, ताई. ९.४ नुसत्या जेवणाने वर येणार नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर सांगितले तितके महिने पूर्ण घ्या. मळमळ होते म्हणून मध्येच सोडू नका, डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको. जेवणानंतर तासभर चहा नको, चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. डाळीवर, पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. थंडी आहे तर आठवड्यातून तीन-चार दिवस बाजरीची भाकरी करा. भाजीला लोखंडी कढई मिळाली तर वापरा, गावाकडे आईकडे जुनी असेलच.

---

रात्रपाळी | ५ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

मी वेळेचं बोलतो. साडेसातला घरी येऊन उसळ, भाकरी, भाजी सांगणं सोपं आहे. मी कंपनीत बारा तास उभा असतो, मला माहीत आहे अंगात काय उरतं. वडापाव आपण हौसेने खात नाही, दमल्यामुळे खातो. ताईच्या वहीतले १,१५० तिथे गेलेत.

म्हणून मी काय करतो ते. रविवारी मटकी आणि हरभरे मिळून किलोभर भिजवतो. मटकीला मोड आणून चार डब्यांत, हरभरे उकडून दोन डब्यांत. खोलीवर फ्रीज नसेल तर बुधवारी परत एकदा, निम्मं भिजवायचं. शेंगदाण्याचं कूट महिन्याचं एकदाच. लसूण सोलून बरणीत. सकाळी निघताना डाळ पाण्यात टाकायची. रात्री कुकरला खाली डाळ, वर भात, तीन शिट्ट्या. भिजलेली डाळ लवकर शिजते, गॅसही वाचतो.

आणि १७ वर्षांचा भाऊ घरी कधी येतो? पाचला? मग कुकर त्याने लावायचा.

---

दापोलीकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी! शंभर ग्रॅम आणा. मंद आचेवर कोरडा भाजून घ्या, कुसकरून चाळणीत हलवा म्हणजे वाळू-टोकं जातात, मग भरपूर कांदा, कोकम, तिखट. मूठभर जवळ्यात दोघं भाकरी खातात. मीठ घालताना जपून, आधीच खारट असतो. ताज्यात तारली स्वस्त असेल तेव्हा घ्या, काट्याला घाबरू नका.

---

उदगीरची_पोर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. रात्रपाळीदादा, तुमचं वाचून भावाला दाखवलं. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." खरंच, मी कधी सांगितलं नव्हतं.

काल पगारातले राहिलेले पैसे घेऊन भुसाराच्या दुकानात गेलो. मी डाळी पहिल्यांदाच हातावर घेऊन बघितल्या. गावाकडे आई अशीच बघायची, दाणा दाताखाली फोडून, ते तिथे उभी असताना आठवलं. साडेसहा किलो डाळी-कडधान्यं ६९० ला आली. मी दुकानदारांना दोनदा बेरीज करायला लावली.

आज रात्री साडेआठला मंडईत गेलो. गाडीवर मेथीची जुडी २५ ला मिळायची. इथे एका मावशींसमोर पाच जुड्या उरल्या होत्या, पानं जरा मलूल, त्यांना सासवडची गाडी पकडायची होती. त्यांनी पाचही पन्नासला दिल्या आणि वर कोथिंबिरीची मूठ टाकली. घरी येऊन आम्ही दोघांनी खाली पेपर पसरून निवडली. तीन जुड्यांची भाजी दोन दिवसांची, दोन बारीक चिरून ज्वारीच्या पिठात धपाट्यांना. धपाटे डब्यात ठेवलेत. आत्ता अकराला उठला की खाईल.

पण एक अडचण आहे. धान्यातच पैसे जास्त जातायत. ज्वारी ५० रुपये, गहू ३८, दळणाचे वेगळे.

---

निवृत्त_कारकून | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

तुमचं गावी रेशनकार्ड आहे का? तुमची दोघांची नावं आईच्या कार्डावर आहेत का? कार्ड कुठलं?

---

उदगीरची_पोर | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

केशरी. नावं आहेत. आई तिचं धान्य आणते. आमचं तिकडे कोण आणणार म्हणून तसंच राहतं.

---

निवृत्त_कारकून | १० नोव्हेंबर, रात्री ८:००

मी तहसीलच्या पुरवठा शाखेत नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि हक्काचं धान्य वाया जातं.

केशरी कार्डात दोन प्रकार आहेत. काही कुटुंबं प्राधान्य योजनेत येतात, काही येत नाहीत. आईला धान्य मिळतंय म्हणजे तुमचं बहुधा प्राधान्यात आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदयचं पिवळं कार्ड असेल तर माणशी हिशेब नाही, कुटुंबाला मिळून ३५ किलो.

आता मुद्द्याचं. "एक देश, एक रेशनकार्ड" आल्यापासून हे धान्य कुठल्याही रेशन दुकानातून घेता येतं. कार्ड उदगीरचं असलं तरी हडपसरच्या दुकानात कार्डाचा १२ अंकी नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा. सगळं धान्य एकाच जागी उचलावं लागत नाही. तुमचे दोघांचे १० किलो तुम्ही पुण्यात घ्या, आईचे ५ किलो आईने गावी. फक्त दोघांचं आधार कार्डाला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. ती राहिली असेल तर आधी ती करून घ्या. आईशी फोनवर बोलून ठरवा, म्हणजे तिच्या वाट्याचं चुकून तुमच्याकडून उचललं जायला नको.

दुकानदार "बाहेरच्यांचं चालत नाही" म्हणाला तर वाद घालू नका, १९६७ या रेशनच्या हेल्पलाईनवर फोन लावा. आणि धान्य घेतल्यावर मशीनची पावती मागून घ्या, पावतीवर किती किलो दिलं ते असतं.

---

चौथा_मजला | १० नोव्हेंबर, रात्री ९:१२

हे मला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं कार्ड परभणीचं आहे, त्याला उद्याच सांगतो. आणि आहारमित्र, दुधाचं पटलं. मी घाईने लिहिलं होतं.

---

उदगीरची_पोर | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

महिन्याचा हिशेब द्यायला आले. जरा उशीर झाला, भावाची परीक्षा होती.

रेशनचं आधी सांगते. पहिल्या दुकानात नाही म्हणाले. आम्ही १९६७ चं नाव काढलं तर म्हणाले, मशीन बंद आहे. दुसऱ्या दिवशी गल्लीपलीकडच्या दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी नंबर टाकला आणि आई, मी, भाऊ अशी तिन्ही नावं मशीनवर आली. भावाची केवायसी राहिली होती, तीही तिथेच झाली. २४ नोव्हेंबरला तांदूळ आणि गहू मिळून १० किलो घरी आलं. तांदळात खडे निघाले, निवडून घेतला. गहू चांगला आहे. त्यामुळे डिसेंबरला गहू-तांदूळ विकत घ्यावाच लागला नाही.

नोव्हेंबरचं असं : धान्य दळणासकट ७२०, डाळी-कडधान्यं ६९०, शेंगदाणे दीड किलो २०५, तेल ३००, अंडी ६० नग ४२०, दूध ९००, भाजी १,१३०, केळी-पेरू-लिंबं २४०, गूळ-साखर-चहा-मसाले ४१०, सुका जवळा ८०, बाहेरचं ४६०. एकूण ५,५५५. ५५ रुपये जास्त झाले. बाहेरच्या ४६० मध्ये भावाच्या मित्राचा वाढदिवस आहे, त्याला मी नाही म्हटलं नाही.

२३ तारखेला घरात दीड किलो कडधान्य शिल्लक होतं. मी डबे उघडून बघितले, परत लावले, परत उघडून बघितले.

आजी, पिठलं आठवड्यातून दोनदा होतं. हुलग्याचं माडगं आईला फोनवर विचारून केलं, पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. सोयावडी भावाला आवडली नाही. मग दापोलीकरांच्या जवळ्यासारखी भरपूर कांद्यात कोरडी परतली, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून, तेव्हा खाल्ली. भाकरी तो शिकतोय. थापताना कडा फाटतात, पण भाजतो छान. कुकर तर रोज त्याचाच.

गोळ्या चालू आहेत, दुपारच्या चहाची वेळ बदलली. परवा परत तपासलं, १०.३ आहे. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिने घ्या. लोखंडी कढई आई संक्रांतीला येताना आणणार आहे. मैत्रिणीचे ५०० दिले, ७८० राहिले.

आता एक विचारायचं होतं. थंडी वाढल्यापासून मटकीला मोडच येत नाहीत. दोन दिवस फडक्यात ठेवली तर वास यायला लागला, टाकून द्यावी लागली. अर्धा किलो होती, फार जिवावर आलं.

---

नातवंडांची_आजी | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

१०.३ वाचून बरं वाटलं गं. आता मटकी. थंडीत भिजवताना पाणी कोमट घे, रात्रभर ठेव. सकाळी सगळं पाणी निथळू दे, अगदी चाळणीत अर्धा तास. पाणी राहिलं की वास येतो. मग सुती फडक्यात घट्ट बांध आणि ते गाठोडं पिठाच्या डब्यात पिठावर ठेवून झाकण लाव. फडकं ओलं गच्च नको, नाहीतर पीठ खराब होईल. पिठात ऊब असते. रात्री येशील तोवर मोड दिसतील.

---

रात्रपाळी | ८ डिसेंबर, पहाटे ४:३५

किंवा रात्रीचा कुकर उतरवला की गाठोडं त्याच्याशेजारी, वरून जुनी चादर. माझे तसेच येतात. पण मटकी पाव किलोच्या वर एकदम भिजवू नका, थंडी कमी होईपर्यंत.